टाळूच्या कडा

फौजदार देसायांनी पोत्याची गाठ सोडली आणि कवटी माझ्या टेबलावर ठेवली. पोतं तंबाखूचं होतं. निपाणीच्या बाजूनं येणाऱ्या कुठल्याही सामानाला तो वास असायचाच. कवटीला मात्र तो मला पहिल्यांदाच आला.

"टाळू बघा साहेब," ते म्हणाले. "मधोमध फाटलीय. आमच्या बाईची टाळू जन्मापासनं फाटकी. सगळं जुळतंय. तुमचं मत मिळालं की केस पक्की."

मी तेव्हा बेळगावात सरकारी इस्पितळात सर्जन होतो. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. त्याआधी काही वर्षं मुंबईला ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना शिकवत होतो. त्यामुळे जिल्ह्यात कुठंही हाडं सापडली की ती फिरून माझ्याच टेबलावर यायची. बहुतेक वेळा ती जनावराची निघायची.

देसायांची केस अशी होती. बोरगावजवळच्या एका वस्तीवरची गंगू नावाची बाई नाहीशी झाली होती. नवरा मारुती म्हणाला, माहेरी गेली. माहेर येळ्ळूरला. बाप सातापा शोधत आला आणि म्हणाला, आमच्याकडं आलीच नाही. मग मारुतीनं सांगणं बदललं. कुणाबरोबर तरी पळून गेली म्हणाला. पुढं उन्हाळ्यात एका पडक्या विहिरीतला गाळ काढताना ही कवटी आणि थोडी हाडं निघाली. विहीर मारुतीच्या रानापासून जवळ. तिकडच्या एका दवाखान्याच्या डॉक्टरांनी कवटी पाहून 'टाळू दुभंगलेली आहे' असं लिहून दिलं. मारुतीला अटक झाली.

"नाव काय म्हणालात? येळ्ळूरची गंगू?" मी विचारलं.

"व्हय. का?"

"तिला मी पाहिलंय."

लग्नाआधी बापानं तिला माझ्याकडं आणलं होतं. वरचा ओठ लहानपणी एका मिशनच्या डॉक्टरनं शिवलेला होता. त्याची खूण डाव्या नाकपुडीपर्यंत गेली होती. टाळू मात्र तशीच उघडी होती.

टाळू म्हणजे डोक्यावरची नव्हे. जीभ उलटी करून वर टेकवली की लागते ती. पुढचा भाग हाडाचा, मागचा मांसाचा. पोटात मूल वाढत असताना हे हाड डावीकडून आणि उजवीकडून पुढं येतं आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मध्यावर जुळतं. काही मुलांत ते जुळतच नाही. मग तोंड आणि नाक एकच होतं. अंगावरचं दूध ओढता येत नाही, पाजलं तर नाकातून बाहेर येतं. अशी पुष्कळ मुलं उपासानंच जातात. जगतात त्यांचं बोलणं घरच्यांखेरीज कुणाला कळत नाही. आईनं पोटुशी असताना ग्रहणात विळीला हात लावला म्हणून असं होतं, असं आमच्याकडं सगळे सांगायचे. गंगूच्या आईला ते जन्मभर ऐकून घ्यावं लागलं होतं.

तपासताना मी तिच्या तोंडात बोट घालून फट चाचपली होती. डाव्या बाजूला हिरडीपासून सुरू होऊन ती सरळ मागं पडजिभेपर्यंत गेली होती. माझं बोट काढून झाल्यावर ती काहीतरी म्हणाली. मला एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणते?" मी सातापाला विचारलं.

"आपरेशन केल्यावर बैलाचं नाव नीट घ्यायला येईल का, इचारती. आमच्यात पाखऱ्या म्हणून बैल हाय. ही त्याला हाक मारती ती आमालाच कळत न्हाय. पर बैल येतोय. दुसऱ्या कुणी हाक मारली तर मान सुदिक वर करत न्हाय."

गंगू हसली. हसताना तोंडापुढं पदर धरायची सवय तिला लागलेली होती.

मी ऑपरेशन करू या म्हणालो. धोकाही सांगितला. क्लोरोफॉर्म देऊन तोंडातच काम करायचं, रक्त घशात उतरतं, त्या काळी ते सोपं नव्हतं. सातापा विचार करून येतो म्हणाला. मग लग्न जमलं. आहे तशी करून घ्यायला तयार असलेलं स्थळ आलेलं, ते हातचं जाईल म्हणून ऑपरेशन राहिलं ते राहिलंच.

ही एवढी ओळख. आता देसाई म्हणत होते की तीच माझ्यासमोर टेबलावर आहे.

मी कवटी उलटी करून खिडकीपाशी नेली. टाळूच्या हाडात मोठं भोक होतं, ते खरंच. पण कडा खडबडीत होत्या, मोडलेल्या कौलासारख्या. शिवाय कवटीचं सगळं हाड गाळात राहून तपकिरी झालेलं, आणि या कडा आतून पांढुरक्या. म्हणजे हाड नुकतंच मोडलं होतं. गाळ काढताना पहार नाहीतर कुदळ लागली असणार. टाळूचं हाड मागच्या बाजूला अगदी पातळ असतं, जराशानं फुटतं.

जन्मापासूनच्या फटीच्या कडा अशा नसतात. त्या गोल, गुळगुळीत असतात, कारण तिथं काही मोडलेलंच नसतं. तिथं हाड आपणहून थांबलेलं असतं. आणि टाळू जुळली नाही की आजूबाजूचा सगळा चेहराच वेगळा वाढतो. हिरडीच्या हाडात खाच राहते. तिथला पुढच्या दातांशेजारचा दात एक तर नसतोच, नाहीतर वेडावाकडा उगवतो. वरच्या जबड्याची कमान आत दबते. नाकाच्या मधल्या पडद्यात खाली एक हाड असतं, नांगराच्या फाळासारखं. ते एका बाजूला कलतं. नाकाचं भोक एकीकडं खाली उतरतं.

या कवटीत यातलं काहीच नव्हतं. हिरडी सलग होती. पुढच्या सगळ्या दातांच्या खोबणी ओळीनं जागेवर होत्या. फाळाचं हाड सरळ होतं. टाळूचा जेवढा पुढचा भाग शाबूत होता, त्यात मध्यावर दोन्हीकडची हाडं जुळल्याची रेघसुद्धा स्पष्ट दिसत होती. बाईचीच कवटी, पण दाढा झिजून सपाट झालेल्या. गंगूपेक्षा ही बाई वयानं बरीच मोठी असणार.

"देसाई, ही ती नाही."

"साहेब, भोक आहे."

"भोक पहारीनं पडलंय."

"दवाखान्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"त्यांनी भोक पाहिलं. कडा पाहिल्या नाहीत."

देसाई बसले. माणूस वाईट नव्हता. मारुतीनंच बायकोला मारलंय याची त्यांना खात्री होती आणि खरं सांगायचं तर मलाही होती. त्याच्या घरी दुसऱ्या लग्नाची बोलणी चालू झाली होती, हे देसायांनीच मला सांगितलं. गंगू कधी एकटी तालुक्याच्या बाजारालासुद्धा गेलेली नव्हती.

"ऐका," मी म्हणालो. "केस आत्ता उभी करू नका. त्याला सोडा, नजर ठेवा, शोध चालू ठेवा. खरं प्रेत कुठंतरी आहे."

"वर कळवून बसलोय साहेब. साहेबलोकांनी पाठ थोपटली. आता कवटी दुसऱ्याचीच म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? आमच्याकडं एका डॉक्टरचं मत आहे. तेवढं पुरे."

"मी माझं मत लेखी देणार."

"द्या," ते म्हणाले आणि पोत्याची गाठ बांधून निघून गेले.

खटला सेशन्स कोर्टात, बेळगावलाच आला. मारुतीच्या बाजूनं खोत वकील होते. त्यांनी कागदांत माझं मत पाहिलं आणि मला साक्षीला बोलावलं. आपल्याच सरकारी डॉक्टरनं आरोपीच्या बाजूनं उभं राहायचं, हे इस्पितळात कुणाला आवडलं नाही. मलाही नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी मी वॉर्डातून बाहेर आलो तर व्हरांड्यात सातापा बसलेला. खूप वाळला होता. मला बघून उठला.

"वळखलासा का, डाक्टरसाब?"

"ओळखलं. बसा."

तो बसला नाही. "उद्या तुमी ती आमची गंगू न्हवं म्हणून सांगणार म्हणत्यात. खरं हाय?"

"खरं आहे."

"तुमी तिच्या तोंडात बोट घालून बघिटलं हाय. तुमीच सांगा, तुमचं मन काय म्हणतंय? त्यानं मारली का न्हाय?"

"मारली असेल. पण ही कवटी तिची नाही."

"मग व्हय म्हणा की वो." आवाज वर गेला, तसा त्यानं तो लगेच खाली आणला. इस्पितळात मोठ्यानं बोलू नये एवढं त्या वेळीही त्याला भान होतं. "एक शब्द. व्हय. तो फासावर जाईल. तुमाला कोण इचारणार हाय?"

"सातापा, ही दुसऱ्या कुणाची तरी लेक आहे."

"कुणाची?"

"ते मला माहीत नाही."

"तिला कोण हुडकत आलंय?"

"कोणी नाही."

"मग ती कुणालाबी नकोच हाय. मला द्या. मी तिला गंगू म्हणून जाळतो. तिचंबी होईल, माझंबी होईल."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यानं झटकला नाही, पण सरकून बाजूला झाला आणि जिना उतरून गेला.

ती संध्याकाळ मला अजून आठवते. जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर मी उगीच चिडलो. कोर्टात हो म्हणणं किती सोपं आहे, हे मला दिसत होतं. ॲनाटॉमी जाणणारा दुसरा माणूस तिथं कोणी नव्हता. मी जे म्हणेन तेच खरं ठरणार होतं. आणि नेमकं त्यामुळेच मला खोटं बोलता येईना. चार जाणकार असते तर त्यांच्यावर ढकलून मोकळा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी मी कवटी हातात घेऊन जज्जांना एकेक गोष्ट दाखवली. सरकारी वकील उठले.

"डॉक्टर, टाळू दुभंगलेल्या माणसाच्या कवटीत टाळूला भोक असतं की नाही?"

"असतं."

"या कवटीत आहे की नाही?"

"आहे."

"मग?"

"पायाला काटा लागला तरी भोक पडतं आणि साप चावला तरी पडतं. कडा बघून ओळखायचं."

कोर्टात कुणीतरी हसलं. जज्जांनी वर पाहिलं. त्यांनी कवटी मागवून घेतली, चष्मा काढला, टाळूच्या मोडलेल्या कडेवर अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडं बघितलं. मग त्यांनी मला एकच विचारलं.

"ही कवटी त्या बाईची असणं शक्य आहे का?"

"नाही."

मारुती पिंजऱ्यात उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत उपकाराची भावना नव्हती. तो चकित झाला होता. विहिरीतली कवटी गंगूची नाही हे मी छातीठोक कसं सांगतो, याचं त्याला नवल वाटत असावं. बाकी कुणाला नसलं तरी त्याला ते पक्कं ठाऊक होतं, असं माझ्या त्याच क्षणी मनात आलं. पण मनात येणं ही काही साक्ष नव्हे.

दुसरा पुरावा काहीच नव्हता. मारुती निर्दोष सुटला. खटल्याचं काम संपलं तशी त्या विहिरीतल्या कवटीची चौकशीही संपली. ती कुणाची, विहिरीत कशी आली, हे शोधायला कुणी गेलं नाही. मी देसायांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "तक्रार कुठाय साहेब?"

मारुतीचं दुसरं लग्न त्याच साली झालं.

लढाई संपली. देसायांची बदली झाली. इंग्रज जाणार, जाणार अशी बोलणी सुरू झाली होती, त्या सुमारास एका सकाळी नवे फौजदार माझ्याकडं आले. तरुण होते. बरोबर लाकडी खोकं होतं.

"बोरगावकडची केस आहे. मारुती आणि त्याच्या भावाची वाटणी झाली. घरामागचा उकिरडा भावाच्या वाट्याला आला. त्यानं खताला म्हणून तळापर्यंत खणला. खाली हे निघालं."

मी खोकं उघडलं. कवटी सरळच ठेवलेली होती आणि उलटी करायच्या आधीच मला कळलं. नाकाचं भोक डावीकडं खाली उतरलेलं होतं. उलटी केली. डाव्या बाजूला हिरडीत खाच. तिथला दात नाही. जबड्याची डावी बाजू आत दबलेली. फाळाचं हाड कललेलं. आणि हिरडीपासून मागपर्यंत फट. मी कडेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत, गोल. हे बोट तिथून एकदा फिरलेलं होतं, तेव्हा तिथं ऊब होती.



डोक्याच्या मागच्या हाडाला खोलगट खड्डा पडलेला होता आणि त्यातून भेगा निघाल्या होत्या. कडा भरून यायला लागल्याची काही खूण नव्हती. म्हणजे त्या घावानंतर ती जगली नाही. घाव मागून बसला होता. जड वस्तूचा. मी सगळं लिहून काढलं. कवटी गंगूची, असं स्पष्ट लिहिलं.

"आता त्याला धरा," मी म्हणालो.

"सरकारी वकिलांना विचारून आलोय साहेब. ज्या खुनातून माणूस निर्दोष सुटला, त्याच खुनासाठी त्याच्यावर परत खटला चालत नाही. कायदाच तसा आहे. त्या वेळी केस उभीच केली नसती तर आज करता आली असती."

पुरावा लपवल्याचा वेगळा गुन्हा लावता येईल का, यावर काही दिवस कागद इकडून तिकडं फिरले. मग फिरायचे थांबले. मारुती त्याआधीच गाव सोडून गेला होता. तो कुठं गेला ते मला कळलं नाही.

हाडं ताब्यात द्यायला सातापाला इस्पितळातच बोलावून घेतलं. आता तो काठी टेकत होता. पुतण्या बरोबर आला होता, तो दाराबाहेरच थांबला. मी सातापाला बसवलं आणि जे होतं ते सांगितलं. कायद्याचंही सांगितलं. मध्ये मध्ये तो नुसता मान हलवत होता.

"बघू द्या," तो म्हणाला.

मी नको म्हणालो. त्यानं हात पुढं केलेलाच ठेवला. शेवटी मी कवटी त्याच्या हातात दिली. त्यानं ती अलगद उलटी केली. कसं धरायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. फटीकडं बघत राहिला.

"हितनं दूध नाकातनं यायचं," तो म्हणाला. "तिची आय कापसाचा बोळा भिजवून थेंब थेंब पाजायची. दिसभर त्येच. लोक म्हणायचे, जगत न्हाय ही, सोडून द्या. जगिवली आमी."

मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

कवटी खाली ठेवून त्यानं विचारलं, "त्या येळंला तुमी व्हय म्हटला असता तर?"

"तर तो फासावर गेला असता."

"आनि ही उकिरड्यातच ऱ्हायली असती."

"हो. वाटणी झाली नसती, तिथं कुणी खणलंच नसतं."

"मग तुमी केलं ते बरं झालं का वाईट?"

त्यानं पुतण्याला हाक मारली, आणलेल्या नव्या धोतराच्या पानात हाडं बांधून घेतली आणि गेला.

पुढं नोकरीत असेपर्यंत माझ्या हाताखाली नवे डॉक्टर यायचे. पोलिसांकडून हाडं आली की त्यांना काय शिकवायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. मोडलेल्या हाडाच्या कडेवर बोट फिरवा. जे दिसलं तेवढंच लिहा. आणि आपण खरं लिहिलं म्हणजे न्याय होईल, अशा समजुतीत राहू नका. न्याय व्हायला खऱ्या मताबरोबर थोडा धीर धरणारा फौजदारही लागतो. तो मिळणं आपल्या हातात नसतं.